सहाव्या ग्लासाची पट्टी

रविवार, २ मे १९५४. डोंबिवली

धाकट्या दिनूच्या होणाऱ्या सासऱ्यांचं ठाण्याहून कार्ड. लग्न तेराला, मुहूर्त सकाळचा, तरी वऱ्हाडाने बाराला संध्याकाळीच यावं. जानवशासाठी घर मिळालं नाही म्हणून स्टेशनजवळच्या लॉजिंगात दोन खोल्या सांगितल्यात. 'सर्व सोयी उत्तम' असं लिहिलंय. आपल्या आधी त्या गादीवर कोण झोपलं, कशाने खोकत होतं, ते कोणी लिहीत नाही.

आई म्हणाली, "दोन रात्रींचा तर प्रश्न रे."

त्र्यंबकलाही आम्ही दोनच रात्री होतो. मी नऊ वर्षांचा, अक्का चौदाची. धर्मशाळेत रांजणाला साखळीने बांधलेला पितळी पेला. येईल तो त्यानेच प्यायचा. परत आल्यावर अक्काला विषमज्वर झाला, एकविसाव्या दिवशी गेली. प्यायलो सगळेच होतो, गेली ती एकटी. आईपाशी हे काढायचं नाही.

स. ला सांगितलं, आपली चादर, आपली उशी, आपलं पाणी. "बरं," म्हणाली. (बायकोचं नाव वहीत पुरतं लिहीत नाही. वही कोणाच्या हाती पडेल नेम नाही.)

बुध. ५ मे

दवाखान्यात दिवसभर पट्ट्या. कागद दुमडायचा, कडेला कात्रीने खाचा मारायच्या, एक खाच एक डोस, वर पेशंटचं नाव, मग बाटलीला डिंकाने चिकटवायची. डॉक्टर म्हणतात, "तुझं अक्षर बघून निम्मं दुखणं पळतं." इंग्रजी चौथीत शाळा सुटली माझी, पण ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही.

पट्टी कापता कापता सुचलं. सहा नवे काचेचे ग्लास घ्यायचे, प्रत्येकावर नावाची पट्टी. ज्याचं नाव त्यानेच त्यातून प्यायचं. साखळीचा पेला नको.

डॉक्टरांनी डी.डी.टी. पावडर दिली, पोटॅशियमचे जांभळे खडे दिले. फिनेल घरी आहे. कार्बोलिक साबण दोन वड्या.

शनि. ८ मे

मावशीचा मधू आला. लग्न होईपर्यंत इथेच. साबणाच्या कंपनीचा फिरता विक्रेता, महिन्यातले वीस दिवस बाहेर. आला तो पाय न धुता सरळ झोपाळ्यावर.

"वहिनी, चहा टाका. साखर जास्त. भाऊच्या वाटणीची मला द्या, त्याला साखरेत जंतू दिसतात."

स. हसली. पदर तोंडाला लावून, पण हसली. लग्नाला दोन वर्षं होतील आता. माझ्या कुठल्या बोलण्यावर ती अशी हसली, आठवून पाहिलं. आठवलं नाही.

म. ने तिला साबणाची वडी दिली, गुलाबाच्या वासाची. मी घरात कार्बोलिकच आणतो. संध्याकाळी मोरीत पाहिलं, वडी कागदातच होती, फोडलेली नव्हती. बरं वाटलं. मग वाटलं, जपून ठेवली असेल.

बुध. १२ मे. ठाणे, लॉजिंग

जिन्यातच वास. विडीचा आणि ओल्या सतरंजीचा. खोल्या चार आणि पाच. चारमध्ये आई, अण्णा, स. पाचमध्ये मी, दिनू, म. बाकीचं वऱ्हाड उद्या सकाळच्या गाडीने.

उशांवर तेलाचे गोल डाग, मधे डोक्याएवढे. खिडकीखाली पानाची पिंक. आरशावर कोणा बाईची टिकली चिकटून राहिलेली. पाण्याचा माठ एक आणि त्यावर पेला एक. साखळी तेवढी नव्हती.

मॅनेजरला म्हणालो, गाद्या बदला. म्हणतो, "साहेब, कालच उन्हात टाकलेल्या."

"उन्हात टाकल्यावर झटकल्या का?"

"झटकायला माणूस लागतो ना साहेब."

गाद्या मीच गच्चीत नेऊन झटकल्या. फरशीला फिनेल, खाटांच्या सांध्यांत उकळतं पाणी, मग डी.डी.टी. दोन तास गेले. म. दारात उभा राहून बघत होता.

"भाऊ, खोली धुतोयस की तिचं ऑपरेशन करतोयस? मी धुळे, जळगाव, अकोला, कुठे कुठे झोपलेलो. ढेकूण मला नावाने ओळखतात."

स. माझ्या हातात पाणी द्यायला आली होती, ती तिथेच थांबली. मी खाटेखाली. खाटेखालून फक्त पावलं दिसत होती, दोन त्याची, दोन तिची. मधे दोन फरशांचं अंतर. तो काही हळू बोलला. ती पण काही बोलली. शेजारी स्टोव्हवर पाणी उकळत असल्याने ऐकू आलं नाही. मी बाहेर आलो तेव्हा अंतर एका फरशीचं होतं. फरशी लहान आहे म्हणा.

ग्लास मात्र आल्या आल्याच मांडले होते, पट्ट्या लावून. अण्णा, आई, दिनू, मधू, एक माझी. स. ची कोरी लावली. आई-अण्णांदेखत बायकोचं नाव लिहून मांडायचं कसं? पाचांवर नावं असली की सहावी कोरी तिचीच, कोणालाही कळेल.

आईला पट्ट्या आवडल्या. तिला जंतूंचं काही नाही, उष्ट्याचं आहे. चालेल, काम तेच होतं.

गुरु. १३ मे. ठाणे

आज दिनूचं लग्न झालं. चांगलं झालं. तरी सकाळचं आधी लिहितो.

पाणी भरायला गेलो तर सहाव्या ग्लासाच्या कोऱ्या पट्टीवर पेन्सिलीने लिहिलेलं. तिरकं, घाईचं अक्षर, रेघ वर चढत गेलेली. 'वेणू'.

मी मोठ्याने विचारलं, "वेणू कोण?"

आई म्हणाली, "अरे, हिचंच की माहेरचं नाव. विसरलास होय?"

विसरलो होतो. लग्नाआधी पत्रिकेत एकदा वाचलं असेन. त्यानंतर ते नाव आमच्या घरात कोणी उच्चारलेलं नाही.

अक्षर म. चं. त्याच्या ऑर्डरच्या वहीत मी ते पाहिलंय. त्याला हे नाव कुठून कळलं?

मी उभा असतानाच तो आत आला, तोच ग्लास उचलला, माठातून भरला, ओठ लावून प्याला आणि ठेवून दिला. त्याचा स्वतःचा ग्लास खिडकीत होता, पट्टीसकट. स. बाजूलाच कळशी घेऊन उभी. खाली बँड सुरू झाला होता.

पुढे सगळं गडबडीत. दिनूच्या काळ्या कोटाला रात्रीची डी.डी.टी. लागलेली. व्याही म्हणाले, "नवरदेवांनी पावडर जरा जास्त लावलीय." म. म्हणाला, "आमच्यात तशी पद्धत आहे, डास लग्नाला यायला नकोत." सगळा मांडव हसला. स. पण. मी कोट झटकत होतो.

पंगतीत तो वाढायला होता. तिच्या पानावर दोनदा जिलबी. आईच्या पानावर एकदाच. मी मोजलं.

शुक्र. १४ मे. डोंबिवली

सकाळच्या गाडीने घरी. गृहप्रवेश, लक्ष्मीपूजन. ताटात तांदूळ पसरून दिनूने अंगठीने नव्या नवरीचं नाव लिहिलं. मालतीची सुनंदा झाली. साखर वाटली, सगळ्यांनी एकमेकांना नाव सांगितलं.

मीही लिहिलं होतं, याच ताटात. चार अक्षरं, त्यातली जि ऱ्हस्व आणि नी दीर्घ. तांदळात वेलांट्या मोडतात, मी एकही मोडू दिली नव्हती. लोक वाकून बघत होते आणि मी माझ्या अक्षरावर खूश होतो. तिच्याकडे पाहिलं नव्हतं. आज नव्या नवरीकडे पाहिलं. मालती ताटाकडे बघत होती, परक्याच्या घरचं भांडं बघावं तसं.

म. चं लक्ष ताटाकडे नव्हतं. तो स. कडे बघत होता. ती कुठे बघत होती ते मला माझ्या जागेवरून दिसलं नाही.

संध्याकाळी सामान सोडलं. ग्लास पाचच. अण्णा, आई, दिनू, मधू, मी. पेटी, वळकटी, फळांची करंडी, सगळं उपसलं. सहावा नाही. म. चार वाजताच नाशिकला गेला. जाताना त्याच्याकडे पेटी होती आणि एक कापडी पिशवी. पिशवी येताना होती का? आठवत नाही.

सोम. १७ मे

तीन दिवस धीर होत नव्हता. आज स. कैऱ्या चिरत होती, आई देवळात, अण्णा ओट्यावर. विचारलं.

"त्याला ते नाव कोणी सांगितलं?"

कोणाला, कुठलं, असं काही तिने विचारलं नाही. "मी," म्हणाली.

"का?"

"त्यांनी विचारलं."

तिने कैरी संपवली, कोय बाजूला ठेवली, विळी पुसली. मग म्हणाली, "दोन वर्षांत कोणी विचारलं नव्हतं."

हे उत्तर आहे की आरोप, मला ठरवता आलं नाही. मी विचारलं, "आणि ग्लास?"

"कसला ग्लास?"

"सहा नेले होते. पाच आलेत."

"मग पाच असतील."

दुपारी दवाखान्यात तेच तेच. दोन वर्षं मी तिला उकळलेलं पाणी दिलं. वेगळी चादर, वेगळा पंचा, देवीची लस, हिवतापाच्या गोळ्या. दोन वर्षांत तिला साधी सर्दी नाही. हे कोणी केलं? आणि तो एका संध्याकाळी येतो, नाव विचारतो.

मंगळ. १८ मे

आज स. शहाडला माहेरी गेली. मागच्या वर्षीही आंब्यांच्या दिवसांत गेली होती, बारा-पंधरा दिवस. तिचा भाऊ न्यायला आला होता. मी कल्याणपर्यंत गेलो सोबत. पाण्याची बाटली दिली, उकळलेलं. तिने घेतली.

"तीसला न्यायला येऊ ना?"

"बघू," म्हणाली. मागच्या वर्षी "या" म्हणाली होती.

शनि. २२ मे

म. दवाखान्यात आला, नाशिकहून परत. बाकावर पेशंटच्या मधे बसला, एकाच्या गालगुंडाची चौकशी केली. गालगुंड म्हणजे काय ते माहीत असूनही शेजारी बसला.

बाहेर नेऊन विचारलं, "ग्लास तू नेलास?"

"कसला?"

"ठाण्याचा. पट्टीचा."

हसायला लागला. "काचेचा ग्लास घेऊन गावोगाव फिरू? पेटीत साबणालाच जागा नाही माझ्या. भाऊ, तू हे विचारायला मला उन्हात आणलंस?" मग म्हणाला, "सोमवारी आंबिवलीला जायचंय, तिथल्या दुकानाची ऑर्डर आहे. येताना शहाडला डोकावेन. वहिनींना काही निरोप?"

"नाही."

"काहीतरी सांग ना. बरी आहेस का, एवढं तरी."

"पाणी उकळून पी म्हणावं."

तो म्हणाला, "तुला सांगू? त्या दिवशी मी सहज विचारलं, वहिनी, तुमचीच पट्टी कोरी का? तर म्हणाल्या, दोन नावांतलं कुठलं लिहायचं ते यांचं ठरलं नसेल. मी म्हटलं, दुसरं कुठलं? तेव्हा सांगितलं. मी लिहून टाकलं. त्यात काय एवढं?"

त्यात एवढं, की हे ती त्याला म्हणाली. मला म्हणाली नाही. खाट धुवून मी बाहेर येईपर्यंतच्या वेळात ते एवढं बोलले. दोन फरशांवरून एका फरशीवर.

मंगळ. २५ मे

काल सोमवार होता. दुपारी दोनच्या सुमारास तो तिथे पोचला असणार. सासूबाई ओट्यावर घोंगडी टाकणार, रसाची वाटी देणार. तो हात न धुता वाटी तोंडाला लावणार. वेणू म्हणून हाक मारणार का? तिथे सगळे मारतात, याने मारली तर कोणाला वावगं वाटणार आहे? ती ओ देईल. कशी देईल? "अहो" म्हणून आमच्याकडे जो आवाज येतो तो की दुसरा?

आज सहा डोसांच्या बाटलीवर पाचच खाचा मारल्या. चार वर्षांत पहिल्यांदा. डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली, मोजलं आणि नुसती परत दिली. रागावले असते तर बरं झालं असतं. पाच खाचांनी औषध घेतलं असतं तर प्रत्येक डोस जादा गेला असता.

मला साधं कळत नाही. जंतू मला कळतात. कुठे असतात, कशाने मरतात. हे कशाने मरतं?

गुरु. २७ मे

स. चं पत्र नाही. मागच्या वर्षी एक कार्ड आलं होतं, आईच्या नावे, खाली "सर्वांस नमस्कार". यंदा तेही नाही.

आई म्हणाली, "सुनंदा आली म्हणून घर भरल्यासारखं वाटतंय, तरी सरोजिनी नाही ते कळतंच." मग थोड्या वेळाने, भाजी निवडताना, "लग्नात हिच्या आईने मला सांगितलं होतं, आमच्या वेणूला हाक मारली नाही तर ती बोलत नाही. मी म्हटलं, होईल सवय."

मी विचारलं, "मग झाली?"

"मला काय माहीत रे. मी सूनबाई म्हणते."

मी काय म्हणतो? "अगं". "ऐकलंस का".

शनि. २९ मे

दवाखाना बंद झाल्यावर मागे राहिलो. चांगला जाड कागद घेतला, खाचा न मारता एक पट्टी कापली. नाव लिहायला बसलो.

दोनच अक्षरं. मात्रा एक, उकार एक. तांदळात चार अक्षरं नीट लिहिणाऱ्याला अवघड नाही. पण पहिली पट्टी लिहिली आणि पाहिली तर रेघ वर चढलेली, तिरकी. त्याचीच. फाडली. दुसरीत वे मोठा झाला. तिसरीवर शाई फुटली. सातवी जमली. ब्लॉटिंग लावलं नाही, आपोआप वाळू दिली.

लिहिताना तिची दुसरी गोष्ट कुठलीच आठवेना. फक्त कळशी घेऊन उभी असलेली.

पट्टी पाकिटात घालून खिशात ठेवली. दवाखान्यातली डिंकाची लहान बाटली घेतली. डॉक्टरांना सांगायला हवं होतं. सोमवारी सांगेन.

रवि. ३० मे

सकाळी शहाड. स्टेशनपासून नदीच्या बाजूने चालत गेलो. घराच्या अलीकडे एक बाई धुणं घेऊन येत होती, तिने पलीकडे ओरडून सांगितलं, "वेणूचे यजमान आले गं." दारापर्यंत पोचेतो चार तोंडांतून ते नाव ऐकलं. शेजारची म्हातारी, मेव्हणा, सासूबाई, एक परकरी पोर. सगळ्यांना सहज येत होतं.

सासूबाई म्हणाल्या, "या जावईबापू. सोमवारी तुमचे मधुकरराव येऊन गेले. उभ्या उभ्याच. उन्हाचे आले, ओट्यावर पाणी प्यायले, गेले."

मी विचारलं, "कशातून?"

"काय कशातून?"

"पाणी."

"लोट्यातून हो. का?"

"काही नाही," म्हणालो. मेव्हणा दाराआड हसला असावा.

स. पाणी घेऊन आली. लोटा गरम पाण्याने दोनदा विसळलेला, बाहेरून अजून कोमट. मी सांगितलं नव्हतं. मी घोट घेतला आणि वर पाहिलं, तर चुलीमागच्या फळीवर, डब्यांच्या शेजारी, तो. सहावा. पट्टी जशीच्या तशी, पेन्सिलीचं अक्षर थोडं पुसट.

सासूबाई आत गेल्यावर म्हणालो, "तो इथे कसा?"

"मी आणला. माझा आहे ना?"

"म. प्याला होता त्यातून." तिच्यासमोर मी 'म.' म्हणालो नाही अर्थात, नाव घेतलं.

"हो. न विचारता प्याले," ती म्हणाली. "आवडलं नाही मला. राखेने घासून काढला इथे आल्यावर. आतून."

"आतूनच?"

"बाहेरून घासला असता तर पट्टी भिजली असती."

हे ऐकून बरं वाटावं की वाईट, अजून कळत नाही. गाडीत बसल्यापासून तेच उलटसुलट करतोय. तिने त्याचं उष्टं काढून टाकलं. त्याचं अक्षर ठेवलं.

मी म्हणालो, "मला त्यातून पाणी दे." मी असं म्हणेन असं मलाच वाटलं नव्हतं. घासलेला असला तरी.

ती जागची हलली नाही. "तुम्हीच सांगितलंत ना. ज्याचं नाव त्यानेच प्यायचं."

रागाने नाही म्हणाली. समजावून सांगावं तसं.

मग मी खिशातून पाकीट काढलं आणि पट्टी दिली. तिने हात पदराला पुसून घेतली, दाराच्या उजेडात धरली. दोन अक्षरं वाचायला लागतो त्याहून जास्त वेळ बघत होती. मी डिंकाची बाटली पुढे सरकवली. तिने पट्टी चिकटवली नाही. ग्लास उचलला, पट्टी खाली ठेवली, वर ग्लास ठेवला, उडून जाऊ नये म्हणून ठेवतात तसा.

"अक्षर छान आहे तुमचं," म्हणाली. "तांदळातलं पण छान होतं."

मी म्हणालो, "चल ना मग. गाडी पावणेपाचची आहे."

आईला विचारते, म्हणाली. आत गेली. आत भांड्यांचा आवाज येत राहिला, बोलण्याचा आला नाही. बराच वेळ. मला हाक मारायची होती. अगं म्हटलं असतं तर ऐकूनही आली नसती कदाचित, आणि दुसरं तोंडातून निघेना. एकदा ओठांपर्यंत आलं. ओट्यावर मेव्हणा बसला होता.

शेवटी सासूबाई बाहेर आल्या. "राहू दे अजून आठवडाभर तिला. पोरगी हसतेय-बोलतेय इथे." आणि मग माझ्याकडे बघून, "पुढच्या रविवारी या, नाहीतर तिचा भाऊ आणून सोडेल. काय ते ती कार्ड टाकेल."

ती दारात आली होती निरोपाला. चौकटीला हात लावून. मी वळून पाहिलं तेव्हाही होती.

आता घरी. आईला सांगितलं, आठवडाभर राहतेय. हात-पाय धुतले. ग्लास पाच आहेत ते पुसून ठेवले. खिसे उपसताना लक्षात आलं, डिंकाची बाटली तिथेच राहिली. फळीवर, ग्लासाजवळ. बूच लावलंय की नाही ते आठवत नाही.